पत्र्याच्या आतली टकटक

त्या दिवशी सकाळपासून बर्फ भुरभुरत होता, वारा मात्र नावालाही नव्हता. मॉस्कोपासून दूर, धावपट्टीच्या कुंपणाला लागून असलेल्या चाचणीच्या शेडमध्ये म्हातारा येफिम लुकिच पत्रा निवायची वाट बघत बसला होता. धातूंचे पातळ थर एकमेकांवर दाबून केलेला, हाताला अगदी हलका असा तो पत्रा. नव्या वेगवान विमानाच्या पंखाला लावलेल्या पत्र्याचाच हा जुळा तुकडा. दिवसभर त्याला दिव्यांखाली भाजायचं, यंत्रात ताणायचं, आणि मग येफिमने हातोडीने ठोकून ऐकायचं. थर सुटले असले की आवाज बद्द येतो.

उद्या ते विमान त्याचाच मुलगा, ग्लेब, उडवणार होता.

येफिमने ठोकलं. आवाज कसा खणखणीत आला. आणि मग, सावकाश, आतून कुणीतरी ठोकलं...

थरांच्या मध्ये तर केस शिरायलाही जागा नव्हती.

अशा वेळी हातोडी खाली ठेवायची, उलट उत्तर द्यायचं नाही, दिलं तर आतल्याला दार उघडल्यासारखं होतं, असा पत्रे ठोकून तपासणाऱ्यांचा जुना रिवाज. येफिमला तो ठाऊक होता. पण ही टकटक ओळखीची होती हो! लहानपणी थंडीत बाहेर राहिलेला ग्लेब दार अशीच वाजवायचा. बापाचा हात आपसूक उठला. त्याने उत्तर दिलं.

टकटक थांबली.

"आतून टकटक येतेय, थर सुटलेत, बाई. उडवू नका विमान," तो इंजिनिअर रईसा पाव्लोव्हनाला म्हणाला.

"कानात बर्फ गेलाय का, लुकिच? की मुलगा बसणार म्हणून पाय लटपटतायत?"

"कापून बघा..."

कापला. थर घट्ट होते, कुठे डाग नाही. रईसाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पांढरेफटक पडलात हो," ती हळूच म्हणाली आणि उद्याचं उड्डाण तिने रद्द केलं.

येफिमचा जीव भांड्यात पडला. फाटकाशी ग्लेब उभाच होता.

"घरी जाऊ या, बाबा."

"रागावलास?"

ग्लेब नुसता हसला. दोघं चालू लागले. येफिमची टोपी पांढरी झाली. ग्लेबच्या खांद्यावर मात्र बर्फ टिकत नव्हता, पडला की विरघळायचा. पोरगं सुखरूप आहे, बाकी काय हवं, असं मनाशी म्हणत म्हातारा जिना चढला.

शेजारच्या झोयाने दार किलकिलं केलं.

"आलात, येफिम लुकिच? तुमचा ग्लेब केव्हाचा माझ्याकडे चहा पीत बसलाय, उड्डाण रद्द झालं म्हणून चिडलाय नुसता... अगंबाई, मग हा तुमच्यामागे कोण?"