चौदा फोटो उरलेला रोल

धुळ्यातल्या त्या स्टुडिओचं शटर अर्धंच वर होतं. तो वाकून आत शिरला आणि तरी कपाळ आपटून घेतलंच. मयुरी हसली. हसायला नको होतं. तिचे वडील, आप्पा, जाऊन चार वर्षं झाली होती आणि ती त्यांचं दुकान रिकामं करायला बसली होती. पण कपाळ चोळणारा देखणा माणूस बघून हसू आलं, तर पोरीनं करावं काय?

"जुने कॅमेरे विकायचेत म्हणे?"

"डोकं शाबूत असेल तर बघा."

चोपड्याचा प्रेमराज. घरी केळीच्या बागा, पण जीव सगळा रोलच्या कॅमेऱ्यांत. आप्पांचा कॅमेरा त्यानं तान्ह्या बाळासारखा उचलला आणि थबकला.

"यात रोल आहे. बावीस फोटो काढलेत… चौदा उरलेत."

आप्पांचे शेवटचे फोटो! मयुरीचा हात कानातल्या डुलाशी गेला आणि तिथंच राहिला.

"हा विकायचा नाही."

"मागतंय कोण? चौदा संपवू या, मग रोल धुऊन देतो."

संपवू *या*, म्हणाला. पोरीनं ते बरोबर ऐकलं.

मग तो दर रविवारी चोपड्याहून अमळनेरमार्गे एसटीनं यायचा. एका रविवारी एकच फोटो. कधी पांझरेच्या पुलावर, कधी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, कधी ती शेवग्याच्या शेंगा मोडताना.

"सगळे एकदम काढले तर?"

"मग पुढच्या रविवारी काय निमित्त सांगू?"

तेरा झाले, आणि नवरात्रात कॅमेऱ्याची कळ अडकली. दुरुस्त करून आणतो म्हणाला.

"जपा. आप्पा आहेत त्यात."

"तुम्हीपण आहात…" तो हळूच म्हणाला.

दसऱ्याला आला. सोनं द्यायला आला असेल म्हणून ती पुढं झाली. त्याच्या हातात मात्र कॅमेरा आणि एक पाकीट होतं.

"काल खंडेनवमी. आईनं विळे, कुदळी, माझे कॅमेरे, सगळं पूजेला मांडलं. याचं झाकण उघडून आतसुद्धा फडकं फिरवलं, कुंकू लावलं. 'बठ्ठा पुसी टाकात भाऊ, मझारतीनबी!' आतूनही पुसले म्हणून खुशीनं सांगत होती." त्यानं मान खाली घातली. "उजेड लागला. आप्पांच्या बावीसपैकी आतल्या वेढ्यांतले नऊच वाचले. वरच्या वेढ्यांत आपण होतो… सगळे काळे."

मयुरीनं पाकिटातली फिल्मची पट्टी काढून खिडकीशी धरली. आप्पांनी टिपलेली, गच्चीवर कुरडया उलटणारी तिची आई, धूसर. डोळे पुसून तिनं विचारलं,

"कॅमेरा कुणाचा, ते तुमच्या आईंना ठाऊक नव्हतं?"

"भंगारातून आणला, म्हणालो होतो."

"आणि दर रविवारी कुठं जाता?"

"…मित्राकडं."

दिसायला बरा मुलगा आणि घरात तोंड उघडणारा मुलगा, यांत चोपडा-धुळ्याहून जास्त अंतर असतं, बाई.

"त्या माउलीचा काय दोष? भंगार समजूनसुद्धा तिनं कुंकू लावलं. तुम्ही माझं नाव तरी घेतलंत?"

"आजच सांगतो! माझं प्रेम आहे तुझ्यावर, मयुरी. सगळे फोटो परत काढू—"

"पहिल्या रविवारी सांगितलं असतंत, तर मी तुमच्या मागून चालत आले असते."

तिनं कात्री घेतली. आप्पांचे नऊ कापून पदरात ठेवले. उरलेली काळी पट्टी त्याच्या हातात दिली.

"ही तुमची. घरी खुशाल दाखवा. यात कुणी ओळखू येत नाही."

तो गेला. मग ती रडली, आणि या खेपेला आप्पांसाठी नाही.