पाणी फिकं, सूत गडद

एक लाल लडी, ठिबकणारी.

पाचशे मिलिग्रॅम.

कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडलेली गोळ्यांची पट्टी.

भिंतीशी बोलणारा यंत्रमानव.

हे सगळं २०६४ सालच्या एकाच मंगळवारी, सोलापुरात भार्गवी कोंडाच्या घरी घडलं. तिचे वडील अंबादास, म्हणजे नाना, सूत रंगवायचे. त्यांच्या लाल रंगाला गावात तोड नव्हती आणि हट्टालाही. रविवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासून न्यूमोनिया (फुप्फुसात जंतू शिरून होणारा आजार) सांगितला, प्रतिजैविकाच्या (जंतूंना मारणाऱ्या औषधाच्या) पाच गोळ्या दिल्या आणि सोबत चिमटा नावाचा यंत्रमानव पाठवला. बोटातून थेंबभर रक्त काढायचं आणि त्यातलं औषध मोजायचं, एवढंच त्याचं काम.

मंगळवारी त्याने मोजलं. पाचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या, आणि साऱ्या रक्तात मिळून दोन मिलिग्रॅमही नाही.

औषधात भेसळ आहे, असं म्हणून नानांनी पट्टी खिडकीबाहेर भिरकावली. चिमटा आकडे सांगू लागला, तर त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. औषध अर्धवट सोडलं तर जंतू पुन्हा माजतील, मग दवाखान्यात ठेवावं लागेल, हे तो बिचारा भिंतीलाच सांगत राहिला.

भार्गवी पट्टी उचलून घेऊन आली, पण नाना ऐकेनात. खोकून खोकून त्यांचे डोळे पाणावले होते. हिरमुसून ती परसात गेली. सकाळी तिनेच रंगाच्या हंड्यात सुताची लडी सोडली होती. आता तिने ती लडी काठीवर उचलून धरली आणि हंड्यातल्या फिक्या पाण्याकडे बघतच राहिली. मग त्यातलंच लोटाभर पाणी घेऊन तडक नानांकडे आली.

“नाना, तुम्ही सांगितला तेवढाच रंग घातला होता. बघा, पाण्यात काही उरलं नाही. रंग भेसळीचा निघाला.”

“अगं वेडे, पाण्यात काय बघतेस? रंग सुतात गेला.”

“मग चिमट्याने तुमचं पाणीच मोजलं की.”

नाना लोट्यात डोकावले.

“मी वळू का?” चिमट्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

वळल्यावर त्याने नीट समजावलं. रक्त हे वाहून नेणारं पाणी. फुप्फुस, स्नायू, कातडी ही ऊतकं (पेशींची वीण) म्हणजे सूत. हे औषध रक्तवाहिन्यांतून झिरपतं आणि पेशींत शिरून बसतं. रक्त फिकं पडलं की तिथून थोडं थोडं परत येतं, म्हणून गोळ्या संपल्यावरही ते काही दिवस काम करतं. सगळीच औषधं अशी नसतात. रेशमाचा रंग सुती धाग्यावर चढत नाही, तशी काही औषधं आत फारशी शिरतच नाहीत. म्हणून जंतू कुठे लपलेत ते आधी बघायचं आणि मग औषध निवडायचं.

“म्हणजे डॉक्टरीणबाईसुद्धा रंगारीच,” नाना म्हणाले आणि त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.

शनिवारी ताप उतरला. त्यानंतर भार्गवीने वहीत एका यंत्राचं चित्र काढायला घेतलं. बोट न टोचता, थेट फुप्फुसातलं औषध मोजणारं यंत्र. चिमट्याने तिच्या तीन पानांतल्या चुका काढल्या आणि चौथं पान स्वतः आखून दिलं.

नानांनी पट्टी भिरकावली, तेव्हा त्यांच्या फुप्फुसातलं औषध रक्तातल्यापेक्षा पन्नासपट दाट होतं.