अकरा झाकणांची चोरी

धुळ्यात खाजगी गुप्तहेर दिपमाला बोरसेच्या कचेरीत येणारी गिऱ्हाईकं बहुधा होणाऱ्या जावयाची चौकशी करायला येत, आणि बसण्याआधी दार लावून घेत. भागाबाईने दार सताड उघडं ठेवलं.

"लोकेसले आयकू द्या," ती म्हणाली. "मी चोर नही शे."

जीवराम आबांना ही बाई तिथल्या तिथे आवडली. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून आबा दिपमालाची गाडी चालवत, तिच्या मागे फिरत आणि तिला जे कळलं ते त्यांना अर्ध्या दिवसाने कळे. आळ आल्यावर मान खाली घालणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. या साठीच्या बाईची मान ताठ होती.

हकिकत साधीच होती. भडगावकडच्या गिरणवाडी नगरपंचायतीत भागाबाई बावीस वर्षं रस्ते झाडत होती. शाळेच्या रस्त्यावरच्या गटाराची बारा चेंबरं महिनाभर उघडी पडली होती. तिने तीनदा कचेरीत जाऊन तक्रार केली. अखेर मंगळवारी लोखंडी झाकणं बसली, असं कचेरीचं म्हणणं. बुधवारी सकाळी साडेसातला शाळेत निघालेली ऋतिका नावाची पोरगी नऊ नंबरच्या उघड्या चेंबरात पडली. तिला ओढून काढलं भागाबाईनेच. पोरीचा पाय दोन जागी मोडला. दुपारी कचेरीने पोलिसांत तक्रार दिली की रातोरात अकरा झाकणं चोरीला गेली. पहाटे त्या रस्त्यावर एकटी भागाबाई असते, तेव्हा संशय तिच्यावर.

"मंगळवारी झाकणं बसताना तुम्ही पाहिली का, अक्का?" दिपमालाने विचारलं.

"मंगळवारे माले बाजारमा धाडं. बुधवारे पाह्यं तं खड्डा तसाच. मी म्हंतं, काम व्हयनंच नही." तिने पदर खोचला. "सोमवारे सभा शे. माले काढाना ठराव शे. काम गयं तं जाऊ दे, पन चोरना शिक्का लिसन मी घर नही जासू."

तिने सोबत एक कागद आणला होता. कचेरीने तिला दिलेल्या नोटिशीला जोडलेली, नऊ नंबरच्या चेंबराच्या फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स. लोखंडी झाकण नीट बसलेलं, खाली ठिकाण, तारीख आणि वेळ आपोआप छापलेली. मंगळवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

आबांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचं मन खट्टू झालं. फोटो खोटा वाटत नव्हता. झाकणाच्या कोपऱ्यात एक काळा डाग तेवढा होता.

"शेण पडलंय," ते म्हणाले.

"असेल," दिपमाला म्हणाली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

शनिवारी दोघं गिरणवाडीला पोचले. नगराध्यक्षा सारिकाताई घरीच भेटल्या. बाई वाईट नव्हत्या, पण प्रत्येक वाक्याआधी आपण किती कामं केली ते सांगत.

"मंगळवारी अकरा वाजता माझ्याच हस्ते शुभारंभ झाला. कचेरीच्या दारासमोरच्या एक नंबरच्या चेंबरावर. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला."

"बाराही झाकणांची पूजा केली?"

"एकाची केली की सगळ्यांची झाली. बाकीची टेम्पोत होती, ताडपत्रीखाली. मग मी जळगावला बैठकीला गेले."

"ताडपत्री उचलून पाहिली?"

सारिकाताईंना प्रश्नच समजला नाही. नगराध्यक्षांनी ताडपत्री कशाला उचलायची?

ठेकेदार हितेंद्र आपल्या दुकानात पाय लांबवून बसला होता. त्याने चहा मागवला.

"ताई, मंगळवारी आमचा आठवडे बाजार. त्या रस्त्यावरची बठ्ठी, एकजात सगळी दुकानं बंद. चोराला मोकळं रान. एकच झाकण वाचलं, कचेरीच्या दारातलं. तिथे दिवा आहे ना."

"एक झाकण उचलायला किती माणसं लागतात?"

"चार तरी. नव्वद किलोचं धूड आहे."

"मग साठीच्या भागाबाईने अकरा उचलली?"

"तिची माणसं असतील." हितेंद्रने बशी ओठाला लावली. "तिचं तोंड पाहिलं का तुम्ही? रोज तक्रार, रोज तक्रार. अशा बायकांना ठेका झोंबतो."

आबांचा हात सवयीने कमरेकडे गेला, पण काठी आता तिथे नव्हती.

तिसरा होता अभियंता प्रेमराज, मऊ बोलणारा, नीटनेटका. त्याने स्वतः खुर्च्या पुसून दिल्या. आबांना वाटलं, निदान एक तरी सज्जन माणूस भेटला.

"मॅडम, मला भागाबाईंचं वाईटच वाटतं. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते नाकारू कसं? मी रोज सकाळी सहाला त्या रस्त्याने फिरायला जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बुधवारीही गेलो. त्या एकट्याच होत्या तिथे."

"झाकणं बसवताना तुम्ही हजर होता?"

"प्रत्येक चेंबरापाशी. सगळे फोटो मीच काढले. फोटोशिवाय बिल निघत नाही."

"नव्या झाकणांवर सिमेंट, माती काही लागलं असेल. फोटोआधी पुसून घेतलीत?"

"माती झटकली असेल. पूजेच्या झाकणाला मात्र हात लावू दिला नाही. वाहिलेलं कुंकू कोण पुसतं, मॅडम?" त्याने कानाला हात लावला.

दिपमालाने बाराही फोटो मागितले. प्रेमराज हळहळला. फाइल बाहेरच्यांना दाखवता येत नाही, नियम आहे.

परतताना आबा कुरकुरले. "ताई, तो अभियंता भला माणूस आहे. आणि फोटोही खराच दिसतो. आपली बाई अडचणीत आहे."

"फोटो खराच आहे, आबा," दिपमाला म्हणाली. "भरीत-भाकरी कुठे चांगली मिळते तेवढं सांगा."

सोमवारी सभागृह भरलं होतं. ठराव वाचायला सुरुवात होताच भागाबाई उभी राहिली आणि दिपमालाने शिकवलेलं वाक्य तिने नगरसेवकांच्या तोंडावर नेऊन आदळावं तसं म्हटलं. "आरोप मन्हावर शे. पुरावा माले दखाडा. बठ्ठा."

एका नगरसेवकाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मागच्या रांगेतून ऋतिकाचा बाप उभा राहिला आणि म्हणाला की त्यालाही पाहायचंय. मग बरेच जण उभे राहिले. सारिकाताईंनी घाम पुसत प्रेमराजला फाइल उघडायला लावली.

फाइलमधले मूळ फोटो रंगीत होते. दिपमालाने बाराच्या बारा टेबलावर ओळीने मांडले.

"एक साधी गोष्ट विचारते. पूजा किती झाकणांची झाली?"

"एकाची," सारिकाताई म्हणाल्या.

"मग कुंकू किती झाकणांवर असायला हवं?"

सारिकाताई वाकल्या. एक नंबरच्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाची पाच बोटं होती, मधलं बोट जरा फरपटलेलं. दोन नंबरवरही तीच पाच बोटं, तसंच फरपटलेलं मधलं बोट. तीनवर, सातवर, नऊवर, बारावरही तेच.

आबांना आपलं शेण आठवलं आणि त्यांनी उगाच खोकून घेतलं.

"झाकण एकच आणलं होतं," दिपमाला म्हणाली. "ताडपत्रीखाली काय होतं ते कुणीच पाहिलं नाही. बाजारच्या दिवशी रस्ता रिकामा. तेच झाकण बाराही चेंबरांवर ठेवून फोटो काढले. जागा खरी, तारीख खरी, वेळही खरी. संध्याकाळी ते परत कचेरीच्या दारात बसवलं, म्हणून तेवढंच चोरांच्या तावडीतून वाचलं. बाकीची झाकणं बिल निघाल्यावर पाहू, असा बेत. पण पोरगी पडली, आणि मग घाईघाईने चोरी रचावी लागली. चोरीला चोर लागतो. तीनदा तक्रार करणारी बाई आयती सापडली."

हितेंद्र उठला. "मी झाकणं पोचवली होती. पुढचं कचेरीने काय केलं मला काय माहीत? साहेबांना विचारा."

"विचारते. प्रेमराजभाऊ, बुधवारी सहाला तुम्ही पूर्ण रस्ता चालून गेलात. तुमच्या मते आदल्या दिवशी बसवलेली अकरा झाकणं तेव्हा गायब होती. अकरा खड्डे ओलांडूनही तुम्ही कुणाला फोन केला नाही. का?"

प्रेमराज टेबलावरचे फोटो गोळा करायला लागला.

"कारण खड्डे उघडेच असणार हे तुम्हाला ठाऊक होतं. दीड तासाने ऋतिका त्यातल्याच एकात पडली." दिपमालाचा आवाज चढला. "लेकरांच्या वाटेवर खड्डे ठेवून खोटे फोटो काढायला तुमचे हात धजावले. तेवढं कुंकू पुसायला मात्र धजावले नाहीत."

"मी सांगितलं होतं याला," प्रेमराज हितेंद्रकडे बघत पुटपुटला, "पूजेपुरतं वेगळं झाकण आण म्हणून." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

ऋतिकाच्या बापाने पोलिसांना फोन लावला. सारिकाताई भागाबाईजवळ आल्या. "अक्का, झालं ते झालं. ठराव मागे घेतला. उद्यापासून कामावर या."

"लिखा," भागाबाई म्हणाली.

कारकुनाने इतिवृत्तात लिहून मोठ्याने वाचलं: "श्रीमती भागाबाई यांच्यावरील चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही."

भागाबाईने मान हलवली. "सिद्ध व्हयना नही, आसं नही. चोरी व्हयनीच नही, आसं लिखा."

कारकुनाने सारिकाताईंकडे पाहिलं. सारिकाताईंनी पेन हातात घेतला, जुनी ओळ खोडली आणि नवी स्वतःच्या अक्षरात लिहिली. जीवराम आबांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

भागाबाईने ओळ दोनदा वाचून घेतली. तरी ती टेबलापासून हलली नाही.

"आते खाले लिखा," ती म्हणाली, "झाकनं कोन्या तारखेले बसतीन. आनि झाकनं बसतीन तव्हलोंग खड्डासपाशी तुमनामाथून कोन कोन उभं राही, त्यासनं नाव."