पहिल्याच क्लिकला

नेरूळच्या अभ्यासिकेत शेजारी बसलेला मुलगा तिच्याकडे बघून हसला आणि रुतिकाचं डोकंच फिरलं. लॅपटॉपवरच्या माझ्या कोडवर हसतोस का, असं तिने दबक्या आवाजात दरडावलं. कोडवर नाही, कोडला शिव्या घालणाऱ्या तोंडावर हसलो, तो म्हणाला. निकेश नाव. तुर्भ्याचा, वेबसाइट बनवणारा... आणि आगाऊ!

पण तिची पंचाईत खरी होती. सारसोळ्याच्या जेट्टीवर तिची आई सगुणाबाई मासळी विकायची, तिच्यासाठी रुतिकाने वेबपेज बनवलं होतं. ‘आजची मासळी’ बटण दाबलं की यादी उघडायला हवी. ती उघडायची दुसऱ्यांदा दाबल्यावर. गिऱ्हाईक कुठलं थांबतंय? आईने बजावलं होतं, रविवारी मासळी विकणाऱ्या सगळ्या बायकांसमोर बघणार. नाही उघडलं तर पेज बंद, गुमान तळोज्याच्या कंपनीत कामाला लागायचं.

यादी दिसेल की नाही ते display ठरवतं, तुझा कोड ते काय वाचतोय बघ, निकेश स्क्रीनकडे वाकून म्हणाला. तिने बघितलं – काहीच नाही, रिकामं.

“यादी लपवायला मी CSS फाइलमध्ये none लिहिलंय की.”

“तुझ्या कोडमधल्या style ला ते दिसत नाही. यादीवर थेट लिहिलेलं तेवढंच ते वाचतं. खरंच काय लागू झालंय ते getComputedStyle ला विचार.”

म्हणजे लपलेली यादी कोडला उघडीच वाटत होती, आणि पहिल्या क्लिकला कोड तिला पुन्हा लपवत होता. रुतिकाने ओळ बदलली, क्लिक केलं... यादी टुणकन उघडली. आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला, सोडायला मात्र जरा उशीरच केला.

मग आठवडाभर ती त्याच्याच शेजारी बसली. प्रश्न संपले तरी नवे काढत राहिली, आणि तोही लबाड, उत्तरं लांबवत राहिला.

रविवारी तिने त्याला जेट्टीवर बोलावलं. सगुणाबाईंनी पदराला बोट पुसलं आणि मोबाइल हातात घेतला.

“एकदाच दाबनार हाय.”

दाबलं. बोंबील, कोळंबी, निवटी... अख्खी यादी समोर. बायकांनी एकच गलका केला. आमचीही मासळी टाक म्हणून सगळ्या रुतिकाच्या मागे लागल्या. कंपनीचं नाव आता काढू नकोस, असं आईनेच तिला दटावलं.

काम झालं, निघतो, निकेश पुटपुटला. रुतिकाने सगळ्यांदेखत त्याची वाट अडवली.

“आज मी जिंकलेय, आज लाजणार नाही... तू आवडतोस मला.”

निघायला उचललेलं पाऊल निकेशने मागे घेतलं.

“मलाही तू... पहिल्या दिवसापासून,” तो कसाबसा म्हणाला.

सगुणाबाईंनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं आणि मासळीची पाटी उचलली.

“मंग त्याला उन्हात कशाला उभा केलास? घरात आन. जेवून जाईल.”