साक्षीचा खण

मी पिंजरे आखते. पाखरांचे नव्हे, बेअरिंगचे. पोलादाच्या दोन चकत्या, जात्याच्या दगडांसारख्या एकीवर एक, आणि मधे बोटाच्या पेराएवढे रूळ, चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. वरून भार येतो, रूळ फिरतात, भार पेलत चकती फिरते. रुळांनी एकमेकांना घासू नये म्हणून मधे पितळेची एक चपटी कडी घालतात, रुळागणिक एक खण कापलेली. तो पिंजरा. त्यानं काही उचलायचं नसतं. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचं, एवढंच. कौतुक होतं ते रुळांचं. पिंजऱ्याची आठवण येते तो मोडल्यावर.

माझ्याआधी हे काम माझी ताई करायची. रुळाचं बाहेरचं टोक मोठ्या फेऱ्यानं धावतं, आतलं लहान फेऱ्यानं, म्हणून लांब रूळ फिरता फिरता घसटतो. ताईनं त्यावर तोड काढली होती. एका खणात एक लांब रूळ न घालता दोन आखूड, शेजारी शेजारी. दोघांनी आपापल्या चालीनं फिरावं. आपण दोघी एका खोलीत राहायचो ना, तसं, असं ती मला म्हणाली होती.

ताई गेली तेव्हा तिची मुलगी लहान होती. मी मुलीला सांभाळायला म्हणून त्या घरी गेले आणि तिथलीच झाले. कारखान्यातलं तिचं टेबल मला मिळालं, घरातलं कपाट मिळालं, नवराही मिळाला. तोंडात अजून ‘भावोजी’ येतं. ते गिळून मी ‘अहो’ म्हणते. मुलगी मला मावशीच म्हणते. तिचं खरंच आहे. पितळ कापणारा कारागीर मला वहिनी म्हणतो, पण आधी किंचित थांबून, कोणाच्या पायातली चप्पल आपण घातली नाही ना हे बघावं तसा. कितीही मोठी चूक झाली तरी तो ‘सूतभर’च म्हणतो, म्हणून कारखान्यात त्याचं नाव सूतभर पडलंय.

मला एकच गोष्ट हवी होती, ताईची नसलेली. मुख्य साहेबांना मी तसं सांगितलं नाही. नवा पिंजरा मुळापासून आखू द्या, इतकंच म्हटलं. चाचणीत टिकला तर तुमच्या नावानं काढू, असं ते म्हणाले.

माझ्या पिंजऱ्यात खणाला एकच रूळ होता. खण मात्र एक थोडा आत, एक थोडा बाहेर, असे आळीपाळीनं. म्हणजे चकतीवर एकच चाकोरी पडत नाही.

चाचणीची खोली माझ्या नवऱ्याकडे. त्या खोलीची जुनी रीत आहे: पिंजऱ्याचा एक खण रिकामा ठेवायचा. बाकीचे खण रुळांनी झिजतात, हा कोराच राहतो, आणि त्याच्याशी ताडून किती झीज झाली ते कळतं. त्याला साक्षीचा खण म्हणतात.

पहिली चाचणी संपली. नवऱ्यानं बेअरिंग उघडलं, तेल पुसलं आणि पिंजरा उजेडाला धरला. कोमट तेलाचा वास खोलीभर होता. साक्षीच्या खणाची एक कड चकाकत होती, रूळ फिरून फिरून घासल्यावर चकाकते तशी. नवरा म्हणाला, पितळ मऊ असेल. सूतभर म्हणाला की वहिनी, तुम्ही कामाला लावता म्हणून इथला रिकामासुद्धा राबायला लागला. हसलो आम्ही. मीही हसले.

दुसऱ्या पिंजऱ्याला मी कठीण पितळ घेतलं. साक्षीचा खण मुद्दाम अरुंद कापायला लावला. कुठलाच रूळ त्यात मावला नसता. मांडणी मी स्वतः केली, खण रिकामा असल्याची बोट फिरवून खात्री केली, आणि दिवसभर यंत्रापाशी बसून राहिले. आवाज सरळ होता, दळणासारखा एकसुरी.

उघडलं तेव्हा खण रुंद झाला होता. इतर खणांइतकाच.

आणि कडेवर झिजेचे दोन पट्टे होते. आखूड, शेजारी शेजारी. मधे केसाएवढी रेघ न घासलेली.

माझ्या पिंजऱ्यात दोन रुळांचा खण कुठेच नव्हता.

 सूतभरनं पिंजरा माझ्या हातून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि नवऱ्यापुढे ठेवला. नवरा बघत राहिला. तो दचकला असता तर मला बरं वाटलं असतं. बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस दारात दिसावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. लग्न झाल्यापासून माझ्याकडे त्यानं असं कधी बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी मी आराखड्यातून तो खण खोडून टाकला. साक्षीला याच मापाचा एक न चालवलेला पिंजरा बाजूला ठेवू, म्हटलं. त्या जागी भरीव पितळ. खणच नाही तर झिजेल काय?

तिसऱ्या चाचणीत भरीव जागा कोरी निघाली. तिच्यावर ओरखडा नव्हता. मी सुटकेनं खाली बसले.

मग शेजारचे दोन खण पाहिले.

चकती एकाच दिशेनं फिरते, म्हणून सगळे रूळ खणाच्या एकाच कडेला टेकतात. बाकी सगळ्या खणांत तसंच होतं. या दोन खणांत मात्र उजवीकडचा रूळ उजवीकडे रेलला होता, डावीकडचा डावीकडे. मधल्या भरीव जागेपासून दोघंही बाजूला सरकून बसले होते.

जागा करून देत.

“तिथं खण ठेव,” नवरा म्हणाला.

“कोणासाठी?”

तो फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“राहू दे ना तेवढी जागा,” तो म्हणाला. “तुला काय होतंय?”

मला काय होतंय, हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं, आणि तेही असं.

मी जागा ठेवली नाही. झीज मर्यादेत होती. कागदोपत्री पिंजरा पास होता. भरीव जागेसकट आराखडा साहेबांकडे दिला. कोपऱ्यात माझं नाव. आता तो पिंजरा कुठे कुठे फिरत असेल. सूतभरनं अभिनंदन केलं आणि या वेळी थांबून वहिनी म्हणाला नाही. नुसतं ‘अभिनंदन’, हाक कसलीच नाही.

त्या आनंदात मी माझ्यासाठी एक नवा सदरा घेतला, निळा, जाड सुताचा. ताईच्या कपाटात निळं काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. खिडकीतून अजून ऊन येत होतं. नवरा समोर, मुलगी माझ्या डावीकडे, पण लांब. दोघींच्या मधे आणखी एक खुर्ची सहज मावली असती.

“मावशी, थोडी सरक ना,” मुलगी म्हणाली. ताटातून मान वर न करता.

“एवढी जागा आहे की गं.”

 तिनं आपलं ताट आणखी पलीकडे ओढलं. समोर नवऱ्यानंही खुर्ची बाजूला सरकवली, विचार न करता, पायाला सवय असावी तशी.

मी सरकले नाही. माझीच जागा होती ती.

आता मुलगी रोज म्हणते, आणि मी रोज बसून राहते. कोणी भांडत नाही. जेवण शांतपणे होतं.

काल सदरा वाळत घालताना उजेडाला धरला. उजवी बाही नव्यासारखी आहे. डावीचं सूत विरून गेलंय, खांद्यापासून कोपरापर्यंत, पलीकडचं दिसतंय. मी माझा दंड चाचपून पाहिला. कातडी गुळगुळीत लागली, थोडी कोमट, आणि बोटांना तेल लागलं.