पट्टीवरचं नाव

सांगतो, पण खरं कुणी मानणार नाही. मानलंच, तर चहा माझ्याकडून.

शहाऐंशी साल. चाळीसगावात आमच्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढायचं मशीन आणलं. आधी ते नाडी धरायचे, भाकर गोड लागते का विचारायचे. मशीन आल्यापासून पेशंटच्या तोंडाकडे बघेनात.

माझ्या छातीत आठवडाभर कळ येत होती. शेजारचा जीवराम मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला. बाजार समितीतला हमाल, दोन पोती एकदम उचलणारा गडी. दवाखान्याच्या दारात उभा राहून मला हसत होता. “वायरी लावतस रे उखर्डू, फाशी नही देतस!”

माझं भ्यायचं कारण वेगळं. माझ्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं. मरण नाव विचारत येतं म्हणायची. केरकचरा समजून पुढे जाईल.

नर्सबाईनं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं कागदावर काहीतरी लिहूनही टाकलं. छातीवर गार रबरी वाट्या चिकटल्या. मशीन किरकिरलं, पट्टी बाहेर आली.

“जीवराम,” डॉक्टर पट्टीकडे बघत म्हणाले, “हृदय फार थकलंय तुमचं.”

“जीवराम दारात उभा आहे, साहेब. मी उखर्डू.”

त्यांनी मान वर केली नाही. “कागदावर जीवरामच आहे.”

टेबलावरून उतरलो आणि कळ थांबली. एकदम.

आठव्या दिवशी भरदुपारी जीवराम पोत्यांच्या थप्पीजवळ बसला. त्यालाही त्याच टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या.

रेघ तीच.

टोक न् टोक तेच. त्याच रात्री जीवराम गेला.

माझी पुन्हा काढली. साफ. आज तीस वर्षं झाली, छाती कधी दुखली नाही. ते नाव मशीनला सांगितलं कुणी, एवढं मात्र आजवर कळलं नाही.

एवढं सांगून मी ओट्यावर ऐकत बसलेल्यांकडे पाहिलं. जीवरामची बायको भिकुबाई तिथंच शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

“खोटं शे, आबा,” ती म्हणाली. “त्यास्नं नाव तुम्हीच सांगं व्हतं. त्यास्नी दारातून आयकं व्हतं. घर ईसन हासत हासत माले सांगं त्यास्नी... छाती चोळत चोळत.”