नववी 'ब'चं दार

शेवटी टेंभुर्णे सरांनी दाराकडे परवानगी मागितली.

पण असं काही घडलंच नाही. सोळा वर्षं इंग्रजी शिकवणारा माणूस दाराला कशाला विचारेल? तेव्हा जे घडलं नाही, ते असं घडलं.

भंडाऱ्याकडच्या त्या शाळेत उन्हाळी सुट्टीत नववी 'ब'ला नवं दार बसलं. चौकटीत रुपयाएवढा आशयमापक होता. तो आवाजातले बारीक कंप मोजून ओळखायचा, की बोलणारा विनवतोय, हुकूम सोडतोय की नुसतंच घोकलेलं म्हणतोय. मोडल ऑक्झिलरीज, म्हणजे 'मे', 'कॅन', 'मस्ट' अशी साहाय्यक क्रियापदं, शिकवण्याचं काम आता दाराकडे होतं. 'मे आय कम इन' मनापासून म्हटलं की ते उघडायचं. 'कॅन आय' म्हटलं तर म्हणायचं, "पाय आहेत, येता येईलच. पण येऊ का, हे विचारायचं राहिलं." मुलं खिदळायची आणि कायमची शिकायची.

सरांनी हेच सोळा वर्षं फळ्यावर तक्ता आखून सांगितलं होतं. कुणी खिदळलं नव्हतं.

शिक्षकदिनी मुलांनी दाराच्या कडीत गुलाब खोचला. सरांना पेन मिळालं. रिफिल अर्धी संपलेली.

तेही सरांनी गिळलं असतं. पण कल्याणी उईके! दोन वर्षं त्यांच्या तासाला तोंड न उघडलेली ही पोर मधल्या सुट्टीत दाराशी उभी राहून 'शुड', 'माइट', 'वुड' करत गप्पा हाणायची. ती हसते कशी, हे सरांना व्हरांड्यातल्या खांबाआडून कळलं.

सोमवारी सर तासाला आले. दार बंद.

"ओपन!"

"हा हुकूम झाला," दार म्हणालं.

"आय मस्ट कम इन!"

"शब्द बरोबर आहे. पण आवाजात गरज नाही, राग आहे. कुणावर, सर?"

आत खसखस पिकली. मग कल्याणीचा आवाज आला, "विचारून पाहा ना जी, सर. मी कितीकदा चुकली, पण ते हासत नाही कोणाले."

सरांना आठवलं. सातवीत तिनं 'आय कॅन टू गो' म्हटलं होतं. सरांनी ते चुकीचं वाक्य साऱ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं सरच हसले होते.

"मे आय..." ते पुटपुटले. हे मात्र अजिबात घडलं नाही.

दारानं आत विचारलं, "कल्याणी, यांना येऊ द्यावं का?"

आत एक बाक करकरला.

"यू मे, सर," ती म्हणाली.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज पडला:

'विषय: नववी 'ब'च्या दाराची बदली करणेबाबत.

महोदय, सदर दार विद्यार्थ्यांत वाजवीपेक्षा अधिक प्रिय झाल्याने त्याची तातडीने दुर्गम भागात बदली करण्यात यावी. ते शक्य नसल्यास, निदान मधल्या सुट्टीपुरती, सदर चौकटीत माझी नेमणूक व्हावी. मी हसणार नाही, अशी लेखी हमी सोबत जोडली आहे.'